दोन वाजताची फुंकर

१

शपथेवर सांगतो, यातलं अक्षरन्‌अक्षर खरं आहे. म्हणजे नव्वद टक्के. उरलेले दहा टक्के मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे त्यांची खात्री देत नाही.

बसा. तुमच्या बासरीची चीर गोंदाने भरलीय, वरून दोरा आवळलाय, आता अर्धा तास तिला हात लावायचा नाही. आत्ता दीड वाजलाय. अर्धा तास तुम्ही त्या स्टुलावर बसून मोबाइल चोळणार, त्यापेक्षा गोष्ट ऐका. गोष्टीचं मी घेतो, पण ते शेवटी. नाही आवडली तरी घेतो.

आणि हो, आतून ती घरघर येतेय ना, ती मोटर नाही. आमचे बाबा आहेत. घोरतायत. ते घोरतायत तोवर निवांत बसा.

दुकान एवढंच. पुढे हे कामाचं टेबल, मध्ये ते दार, आत बाबांची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर. बाबा बासऱ्या बनवतात. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, बासऱ्यांच्या टोकांना दोरा गुंडाळते. आणि मी घरातला नग. हे माझं नाव नाही, पण आत्याने इतक्या वेळा म्हटलंय की आता पत्रंही याच नावाने यायला हरकत नाही. कारण अगदी क्षुल्लक. मी एकदा तिच्या उशीत शिट्टी शिवली होती. एकदा मोरीच्या नळात बसवली होती. आणि एकदा बाबांच्या चपलेत. चपलेची चूक मी मान्य करतो. बाबा पार चौकापर्यंत मागे कुत्र्याचं पिल्लू लागलंय समजून वळून वळून 'यू यू' करत गेले.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे खरंच काहीतरी घडायला लागलं तेव्हा घरात माझ्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस होता. मी. आणि मलाही शंका होती.

२

बाबांची फुप्फुसं कामातून गेलीत. तीस वर्षं बांबूचा आणि लाकडाचा भुसा छातीत भरला, दुसरं काय होणार? डॉक्टरांनी एका नळीत फुंकायला लावलं. बाबांनी फुंकलं. एक, दोन, तीन, आणि खोकला. डॉक्टरांनी कागदावर 'तीन सेकंद' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "फुंकणं बंद. बासरी सोडा, चहासुद्धा आपोआप गार होऊ द्यायचा. हा श्वास आता जपून वापरायचा, नवीन मिळणार नाही."

बासरीवाल्याला फुंकायची बंदी म्हणजे आचाऱ्याला चाखायची बंदी. पण बाबांना बोलायची बंदी नव्हती. आणि बोलायला त्यांना एकच विषय. बासरी. दुकानात कोणीही येवो, पत्ता विचारायला येवो, बाबांचं भाषण सुरू.

"माणसाला चाक सुचायच्या हजारो वर्षं आधी बासरी सुचली," बाबा म्हणणार. "गाडी नंतर. आधी फुंकर. पक्ष्याचं हाड उचललं, पोकळ निघालं, भोकं पाडली, फुंकली. मग ती सगळ्यांनी घेतली. गुराख्यांनी घेतली, सैनिकांनी घेतली, साप खेळवणाऱ्यांनी घेतली, प्रेमात पडलेल्यांनी तर घेतलीच. आणि जगात कुठेही जा, बासरीची गोष्ट एकच. एक जण फुंकतो, दुसरा उठून चालायला लागतो."

पत्ता विचारायला आलेला माणूसही इथेच उठून चालायला लागतो. मी हे भाषण अंदाजे चार हजार वेळा ऐकलंय.

तर एक दिवस संग्रहालयाच्या बाई आल्या. चष्मा गळ्यात, पेन केसात, आणि भाषण शेवटपर्यंत ऐकलं. मला तिथेच कळायला हवं होतं. त्यांना बासरीचा इतिहास मांडायचा होता. बारा बासऱ्या, जुन्या काळापासून आजपर्यंत. नंबर एक हाडाची, नंबर दोन बोरूची, मग मातीची, बांबूची, लाकडाची, असं करत बारा नंबर धातूची. सगळ्या वाजत्या हव्यात. हाड बाईंनीच आणलं होतं, वर्तमानपत्रात गुंडाळून.

"कशाचं आहे?" मी विचारलं.

"मोठ्या पक्ष्याचं. पंखाचं."

"मेला कशाने?"

"तसं काही नोंदीत नाही," बाई म्हणाल्या, जणू मी पक्ष्याचा नातेवाईक होतो.

३

आता कामाची एक गोष्ट सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

नवी बासरी केली आणि दिली, असं नसतं. तिला आधी श्वासाची सवय लावायची असते. नाहीतर आत एकदम ओल लागते आणि ती तडकते, तुमच्यासारखी. म्हणजे तुमच्या बासरीसारखी. मग पहिल्या दिवशी पाच मिनिटं फुंकायची, दुसऱ्या दिवशी सात, असं वाढवत चौदा दिवस. प्रत्येक वेळी फुंकून झालं की काठीला फडकं लावून आतून पुसायची, फडकं ओलं निघतं, वाळत टाकायचं. आणि बाबांचा नियम असा, की चौदाही दिवस एका बासरीला फुंकणारा एकच.

"ती श्वास शिकत असते," बाबा म्हणतात. "शिकताना दोन मास्तर नकोत."

बाबांना बंदी. आत्याला दमा. उरलो मी. बारा बासऱ्या, रोज. पहिल्या दिवशी सातव्या बासरीला माझ्या डोळ्यांसमोर काजवे आले, नवव्या बासरीला ते काजवे ओळखीचे वाटायला लागले. ओठ सुजून बटाटवड्याएवढे. आत्या आतून ओरडतेय, "अरे नगा, पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं, मी घड्याळ बघतेय!" बाबा खुर्चीतून, "फुंकर पोटातून येऊ दे, गळ्यातून नको." काम कुणी करायचं आणि सूचना कुणी द्यायच्या, याची आमच्या घरात फार स्पष्ट वाटणी आहे.

मग मला ते मशीन दिसलं.

बाबांचं वाफेचं मशीन. छोटा डबा, त्यातून हवा येते, नळीतून औषधाची वाफ नाकावरच्या मास्कमध्ये. घरात आम्ही त्याला फुसफुस म्हणतो. रोज दीडला बाबा खुर्चीत बसून ते घ्यायचे, दोनच्या आत औषध संपायचं आणि बाबा घोरायला लागायचे. मशीन खुर्चीशेजारच्या स्टुलावर, बाबांच्या तोंडापासून वीतभर.

माशांच्या टाकीला लावतात ती पारदर्शक नळी आणली, चार मीटर. दोन वाजता मांजराच्या पावलांनी आत गेलो, मास्कची नळी काढली, माझी लावली, दाराच्या फटीतून इकडे टेबलापर्यंत ओढली. टेबलाच्या पकडीत नंबर एक बासरी आडवी धरली, तोंडाच्या खाचेशी नळी मेणाने बरोबर कोनात चिकटवली.

वाजली. एकच सूर, सरळ, दोरीत धरल्यासारखा. मी खुर्ची ओढली, पाय टेबलावर टाकले आणि शेंगदाणे खाल्ले. आतून आत्या म्हणाली, "हं. आता कसं मन लावून चाललंय." आयुष्यातली ती सर्वात सुखाची सात मिनिटं होती. सातच.

४

कारण नंतर मी फडकं घातलं.

बाकीच्या अकरा बासऱ्या मशीनवर झाल्या, अकरांची फडकी कोरडी निघाली. बरोबरच आहे, मशीनला थुंकी नसते. नंबर एकचं फडकं ओलं. नुसतं दमट नाही, पिळता येईल असं. आणि कोमट.

औषधाचं पाणी नळीत राहिलं असेल, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी नळी झटकली, उन्हात धरली, फुंकून बघितली. फडकं पुन्हा ओलं. म्हटलं, हाड आहे, हाडात काहीतरी असेल. हाडाबद्दल मला काय माहीत? मी शाळेत त्या धड्याला बाकाखाली होतो.

चौथ्या दिवशी सूर तुटला.

म्हणजे असं. सूर चाललाय, चाललाय, आणि मध्येच बंद. अर्धा सेकंद. परत सुरू. मी पाय खाली घेतले. परत चालला, चालला, बंद, सुरू. घड्याळ लावून बघितलं. दर अकरा सेकंदांनी.

मशीनला दम घ्यावा लागत नाही हो. तो तर त्याचा एकमेव गुण.

मी आधी व्होल्टेजला दोष दिला. मग मशीनमधल्या गाळणीला. मग नळीला पीळ पडला असेल म्हणून चारही मीटर बोटांनी चाचपली. शेवटी नळीचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं. बुडबुडे. सलग. एक मिनिट, दोन मिनिटं, एकदाही खंड नाही. नळी परत बासरीला लावली. अकरा सेकंद, बंद, सुरू. आणि आता कान देऊन बसलो होतो म्हणून ऐकू आलं, सुरू होण्याच्या आधी एक बारीकसा आवाज. ओठ उघडतात ना, तसा.

मी नंबर दोन लावली. ती गुणी बाळासारखी वाजली, न थांबता. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. बारा वस्तूंपैकी अकरा नीट चालतात आणि एक मुद्दाम छळते, हा आमच्या घरातला माझा रोल होता.

५

सहाव्या दिवशी आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात ओले, डोळे पण जरा तसेच. मी घाईघाईने नळीवर फडकं टाकलं.

"आत्ता कुठली वाजवत होतास?"

"नंबर एक."

"शिकलास रे," ती म्हणाली. "सूर सोडताना शेवटी जरासा वर उचललास. दादा तसंच करायचा. कुणी हाक मारल्यावर 'काय?' म्हणावं तसा. लहानपणी मी त्यावरून ओळखायचे, दादा वाजवतोय की दुसरं कुणी. तीन वर्षं झाली ऐकून." आणि पदराला हात पुसत आत गेली.

मी काहीच उचललं नव्हतं. मी शेंगदाणे सोलत होतो.

सातव्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. मशीनसकट. मशीनचं सांगायला किती धैर्य लागतं याची तुम्हाला कल्पना नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग टेबलाखाली वाकून बघितलं. मग खण उघडून बघितले. मग माझे खिसे.

"शिट्टी कुठेय?"

"आत्या, शिट्टी नाहीये."

"या वेळी कुठे लपवलीस?"

"अगं, ती बासरी श्वास घेतेय!"

"आणि माझी उशी गाणं म्हणत होती," आत्या म्हणाली. "जा, भांडी पुस."

भांडी पुसली. काय करणार?

दर अकरा सेकंदांचं एव्हाना अठरा झालं होतं. आठव्या दिवशी तीस. दम पुरत होता. वाढत होता.

६

नववा दिवस. दोन वाजले, ऊन खिडकीतून थेट या टेबलावर, रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. भीती वाटावी असं काही नव्हतं, हे मला मुद्दाम नमूद करायचंय.

नळी लावली आणि त्या दारात जाऊन उभा राहिलो. तिथून दोन्ही दिसतं. डावीकडे टेबलावर बासरी, उजवीकडे खुर्चीत बाबा. मला फक्त मशीन मध्येच बंद पडतंय का ते बघायचं होतं.

मशीन चालू होतं. सूर चालू होता. बाबांच्या सदऱ्याचं तिसरं बटण उन्हात चमकत होतं, आणि ते हलत नव्हतं.

सूर तुटला. बटण वर आलं. सूर सुरू झाला. बटण थांबलं.

योगायोग, मी म्हटलं. दोन वेळा होतो, तीन वेळा होतो. चौथ्यांदा मी मोजायला लागलो. चाळीस सेकंद सूर. चाळीस सेकंद बटण जागच्या जागी. हा तो माणूस, ज्याचा श्वास तीन सेकंद पुरतो आणि ज्याच्या कागदावर दोन रेघा आहेत.

मी आत गेलो आणि प्लग उपटला.

फुसफुस थांबलं. बासरी थांबली नाही.

पंचेचाळीस. पन्नास. मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. झोपेत होते, पण ओठ झोपेतले नव्हते. पुढे आलेले, आवळलेले, मध्ये बारीक फट. आणि खुर्चीच्या दांडीवर बोटं. एक बोट उचललं. पलीकडे सूर बदलला.

नऊ दिवसांत त्या बासरीतून एकच सूर निघाला होता, भोकांवर बोट ठेवायला कोणी नव्हतंच. आता दुसरा निघाला. बाबांचं अजून एक बोट उचललं. तिसरा.

"बाबा," मी म्हटलं. मग ओरडलो. मग हलवलं. मान एका बाजूला गेली, ओठ तसेच. साठ. सत्तर. नखं निळी व्हायला लागली होती.

मी टेबलाकडे धावलो. मेण ओरबाडून नळी काढली. तरी वाजत होती. हाडावर पाचही भोकांभोवती वाफ धरली होती, बोटाच्या टोकाएवढे गोल, आणि त्यातला एक गोल मी बघत असताना पुसला गेला, आणि सूर बदलला. यापुढे मी नीट बघितलं नाही. हेच ते दहा टक्के.

काय करावं सुचेना, म्हणून ज्या कामाला मी नऊ दिवस टाळत होतो तेच केलं. तोंड लावलं आणि पोटातून फुंकलं. तोंडात बाबांच्या खोकल्याच्या गोळीची चव आली. क्षणभर समोरून कुणीतरी ढकलतंय असं वाटलं, उलट दिशेने, बासरीच्या आतून. मग वाट मोकळी झाली आणि माझा सूर निघाला. भिकार सूर. आत बाबांनी विहिरीतून वर आल्यासारखा श्वास ओढला आणि खोकायला लागले.

तसा खोकला मला कधी इतका गोड लागला नव्हता.

७

बाबांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मशीनकडे पाहिलं. मशीनच्या बाजूला हवा आत ओढायची जाळी असते, ती त्यांच्या तोंडापासून वीतभर. तिच्यावर त्यांनी तळहात ठेवला.

"म्हणजे तू तिला माझा श्वास शिकवलास," ते म्हणाले.

"मला वाटलं मशीनचा शिकेल."

"मशीनचा कुठे असतो, बाळा?" मग विचारलं, "किती दिवस झाले?"

"नऊ."

"मग अजून शिकतेय."

"चौदा झाल्यावर काय होतं, बाबा?"

माझ्या उभ्या आयुष्यात बासरीबद्दल काही विचारलं आणि बाबांकडे भाषण निघालं नाही, असं तेव्हाच झालं. त्या भाषणाची मला कधी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

मोडून टाकायची ना, असं म्हणाल. प्रत्येक जण म्हणतो. मी हातोडी घेतली होती. मारली नाही, नुसती हाडावर टेकवली, जोर किती लावायचा ते बघायला. आत बाबा "आई गं" म्हणाले आणि बरगडी धरून बसले. हातोडी मी परत खिळ्यावर अडकवली.

बासरी डब्यात ठेवली, डब्याला कुलूप लावलं, मशीन शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलं. दहाव्या दिवशी दोनच्या ठोक्याला डब्यातून सूर आला, आणि आत घोरणं थांबलं. कुलूप काढून मी एक फुंकर दिली. घोरणं सुरू. एक दणदणीत फुंकर मिळाली की दुसऱ्या दिवशी दोनपर्यंत बासरीबाईसाहेब गप्प. अकराव्या दिवशी मी. बाराव्या दिवशी मी. तेराव्या दिवशी डब्यातून आलेला सूर शेवटी वर उचलला गेला नाही. शेवटी फुसकन हसला.

ती माझी खोड. फुंकताना मला शेवटी हसू येतं, लहानपणापासून. बाबांनी त्यावरून मला किती वेळा पट्टी मारलीय.

त्या दिवशी मी त्या चौकापर्यंत चालत गेलो आणि दोनदा कठड्यावर बसलो. माझं वय तेवीस आहे.

चौदाव्या दिवशी दोन वाजता दारात पोस्टमनकाका आले. मी म्हटलं, "काका, जरा फुंकून दाखवता?" भला माणूस, त्यांनी फुंकली. आत बाबा घोरायला लागले, माझी छाती हलकी झाली. तेव्हा कळलं. रोज एकाच माणसाने फुंकर दिली की ती त्याचा श्वास शिकते. रोज नवा माणूस असला की तिला कुणाचाच नीट येत नाही. शाळेत दर आठवड्याला मास्तर बदलायचे आणि आम्हाला काहीच आलं नाही, तसंच.

बाईंना अकरा खऱ्या दिल्या. नंबर एकच्या जागी पाण्याच्या टाकीची जुनी प्लास्टिकची नळी, भोकं पाडून, दोन दिवस चहात उकळून. बाई म्हणाल्या, ती कुणाला वाजवायला देणार नाही, काचेत ठेवणार. लोक तिच्यासमोर म्हणे आपोआप गप्प होतात. माझ्या आयुष्यातली सर्वात मोठी थट्टा, आणि कुणाला सांगायची सोय नाही. तुम्हाला सांगितली.

८

तर अशी गोष्ट. दोनला दोन मिनिटं आहेत.

तुमचा गोंद दहा मिनिटांपूर्वीच वाळला. मी मुद्दाम बोललो नाही. राहू द्या, पाकीट आत ठेवा. दुरुस्तीचं मी घेत नाही हल्ली. गोष्टीचं घेतो.

ही धरा. हलकी आहे, दचकू नका. इथे खाच, इथे खालचा ओठ. एकच फुंकर, पण पोटातून, हातचं राखून नको. काही होत नाही हो एका फुंकरीने. आजवर एकानेही तक्रार केलेली नाही. परत कोणी आलंच नाही, हा भाग वेगळा. पोस्टमनकाका? बरे आहेत. आमची पत्रं समोरच्या शिवणकामवाल्याकडे टाकून जातात, एवढंच.

आत्याने दिलीय. समोरच्या शिवणकामवाल्याने दिलीय, त्याच्या दोन्ही कारागिरांनी दिलीय, बाईंनी न विचारता दिलीय. गल्ली संपलीय माझी. आज सकाळपासून दुकानात तुम्हीच.

थट्टा वाटतेय? वाटू दे. मलाही आवडेल थट्टा असली तर. फुंकून झाल्यावर खुशाल मला नग म्हणा, आत्याला सांगा, हवं तर टेबलाखाली शिट्टी शोधा.

हं. दोन.

ऐका. तिचा सूर सोडा, आतली घरघर येतेय का तुम्हाला?

नाही ना?

हे बघा, मी हसत नाहीये. माझं तोंड बघा. तुम्ही गोष्ट पूर्ण ऐकलीत, स्टूल वापरलंत, आणि मी सुरुवातीलाच सांगितलं होतं की घेतो. चार सेकंद झाले. त्यांचे तीनच असतात.

द्या.